कलमाचे चाकू

सोनाळ्याला मी गेले होते ती सुमनताईंच्या पुतणीच्या साखरपुड्याला. पंगती उठल्या, मांडवात गाणी लागली, आवाज इतका मोठा की शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू येईना. तेव्हा सुमनताई म्हणाल्या, "चाल वं, वावरात जाऊन येऊ. येथी कान फुटतीन."

सुमनताई आमच्या जुन्या शेतशेजारीण. त्यांचं वावर आणि आमचं वावर यांच्यामध्ये फक्त एक बांध. आमचं वावर आम्ही विकलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आम्ही नवराबायको जळगाव जामोदला राहतो. विकलेल्या जमिनीत पाय ठेवायला मला नेहमी अवघड वाटतं, म्हणून मी बांधावरच थांबले. वावरात तूर उभी होती, शेंगा भरत आलेल्या. विहिरीवर नव्या मालकांनी लोखंडी जाळी टाकली होती. पण विहिरीची काळ्या दगडाची पायरी होती तशीच होती, आणि तिच्या कडेला ती घळ. बोटभर रुंद, हातभर लांब, आत गुळगुळीत. नवखा माणूस म्हणेल, पाण्यानं पडली असेल. ती पाण्यानं पडलेली नाही. ती आम्ही पाडलेली आहे, पाती घासून घासून.

त्या वावरात आमची संत्र्याच्या रोपांची नर्सरी होती. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. जंबेरी म्हणजे लिंबाची रानटी बहीण, काटेरी आणि चिवट, तिची मुळं काळ्या मातीत तग धरतात. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीत उभी-आडवी चीर द्यायची, साल अलगद उचलायची आणि आत संत्र्याचा डोळा बसवायचा. डोळा म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोंब, नखाएवढ्या सालीसकट काढलेला. वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. लागला तर ते रोप पुढं संत्र्याचं होतं. नाही लागला तर जंबेरी ती जंबेरीच.

हे सगळं थंडीतल्या थोड्याच आठवड्यांत उरकावं लागतं. तेवढेच दिवस जंबेरीची साल सुटते. सुटते म्हणजे लाकडाला धरून न राहता मोकळी होते, केळ्याचं साल निघावं तशी. पुढं ती परत घट्ट होते, आणि मग कितीही चांगला हात असला तरी उपयोग नसतो.

त्या दिवसांचा वास मला अजून सांगता येतो. जंबेरीची साल कापली की लिंबासारखा, पण जास्त कडवट असा वास येतो. तो बोटांना बसला की भाकरीलाही लागतो. सकाळच्या दवात भिजलेली माती, विहिरीवरच्या इंजिनाचं डिझेल, आणि पायरीवर पातं घासताना दगडातून येणारा तो एक ओला, लोखंडी वास. माझ्या लग्नानंतरचे पहिले हिवाळे सगळे त्या वासाचे आहेत.

कलमं बांधायला वरुडकडून माणसं यायची. त्यांचे म्होरके नामदेवकाका. उंच, वाकलेले, तोंडात सुपारी. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या घरचा चाकू मागितला. बाजारातून आणलेला, मिटायचा, लाल मुठीचा चाकू यांनी मोठ्या कौतुकानं पुढं केला. हे म्हणजे माझे यजमान. नामदेवकाकांनी तो उघडला, अंगठ्यावरून पातं फिरवलं आणि मिटून परत दिला.

"हा पेरू खायाले बरा हाये," ते म्हणाले. "कलमाले नाई."

मग त्यांनी कमरेचा स्वतःचा चाकू दाखवला. मी त्याआधी तसा चाकू पाहिला नव्हता. करंगळीएवढं पातं, एकाच बाजूनं धार, आणि मुठीचं मागचं टोक चपटं घासलेलं, साल उचलायला.

"कोठी भेटते हा?" यांनी विचारलं.

"भेटत नाई. करा लागते."

लोखंड कापायच्या करवतीचं पातं असतं ना, वेल्डिंगवाल्यांकडचं, ज्याला सगळे एक्सा ब्लेड म्हणतात, त्याच्या तुकड्यातून केलेलं होतं ते पातं. ते पोलाद फार कडक असतं. त्यामुळं मोडतं लवकर, पण धार धरून ठेवतं. गावात सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकानामागं मोडक्या ब्लेडांचा ढीग पडलेला असायचा. मी मागायला गेले तेव्हा सलीमभाई हसून म्हणाले, "उठाके ले जाव भाभी, कचराच है वो." मी पदरात घेणार होते, त्यांनी घाईनं सिमेंटची रिकामी थैली दिली. "पदर फटेगा."

तो हिवाळा आणि पुढचे दोन-तीन हिवाळे, उन्हं उतरली की आम्ही विहिरीच्या पायरीवर चाकू करत बसायचो. नामदेवकाका शिकवायचे, हे करायचे, मी पाणी घालायची. पहिल्यांदा पातं हवं तेवढं मोडायचं. त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची, दगडाच्या फटीत अर्धं अडकवायचं आणि हातोडीचा एक टोला द्यायचा. चिंधी नसेल तर तुकडा डोळ्यात उडतो. टक् असा आवाज व्हायचा, बांगडी फुटल्यासारखा. मग घासणं. कानस त्या पात्यावर नुसतीच घसरायची, ते पोलाद तिच्याइतकंच कडक. म्हणून दगडच हवा. आधी करवतीचे दात जाईपर्यंत घासायचं, मग एका बाजूनं उतार द्यायचा. सतत पाणी. पातं तापलं, त्यावर निळसर झाक आली, की ते मेलं असं समजायचं. कितीही घासा, मग त्याला धार राहत नाही.

शेवटची धार वान नदीतून आणलेल्या एका गुळगुळीत चपट्या दगडावर, आणि त्यानंतर चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर. धार लागली की नाही हे मनगटावरची लव उडवून बघायचं. सगळा हिवाळा यांचं डावं मनगट बाळाच्या अंगासारखं गुळगुळीत असायचं.

मूठ संत्र्याच्या लाकडाची. वाळलेली फांदी उभी चिरायची, आत पात्याची शेपटी बसेल एवढी खाच करायची, लाख वितळवून ओतायची. लाखेचा धूर गोडसर असतो. मला तो आवडायचा, माझ्या सासूबाईंना नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या नाकाला पदर लावून म्हणायच्या, "बांगड्याचं दुकान लावून राह्यले का तुमी?" लाख घट्ट झाली की वरून तांब्याची तार गुंडाळायची, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतून काढलेली. ती नवी असताना चकाकायची. हातात फिरून फिरून पुढं काळी पडायची.

त्या चाकूंना नावं नव्हती, पण प्रत्येकाचा माणूस ठरलेला असायचा. नामदेवकाकांच्या माणसांनीही आमच्या पायरीवर बसून आपापले चाकू करून घेतले. संध्याकाळी सगळ्यांचं घासणं एकदम सुरू झालं की दुरून ऐकणाऱ्याला रातकिडे वाटायचे. सुमनताई त्यांच्या वावरातून ओरडायच्या, "आता तं बंद करा वो!"

मग तो हिवाळा आला.

त्या वर्षी आम्ही रोपं जास्त लावली होती. नामदेवकाकांनी ठरलेलं काम केलं आणि ते त्यांच्या माणसांना घेऊन पुढच्या गावी गेले. विहिरीकडच्या ओळी राहिल्या होत्या. त्या हे एकटे बांधणार होते. यांचा हात तोवर चांगला बसला होता. गावोगावच्या शेतकऱ्यांनी रोपं सांगून ठेवली होती.

कलम बांधणारी माणसं काढलेला डोळा ओठांत धरतात, वाळू नये म्हणून. त्या सकाळी यांनी डोळा काढला, ओठांत धरला, आणि रोपाला चीर द्यायला वाकले. हातात आमचा चाकू नव्हता. तो बाजारचा लाल मुठीचा, मिटायचा चाकू होता. का होता, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सालीत जोर लावताना पातं मिटलं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर.

ते ओरडले नाहीत. आधी त्यांनी डाव्या हातानं ओठांतला डोळा काढून ओल्या पोत्यावर नीट ठेवला. मग मला म्हणाले, "पानी आन." मी जवळ गेले तेव्हा त्यांची बाही कोपरापर्यंत लाल झाली होती.

खामगावला दवाखान्यात टाके पडले. आतली शीर तुटली होती, अंगठा वाकवणारी. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, पण अंगठा वाकेल की नाही याची खात्री नाही असं स्पष्ट सांगितलं. तो वाकला नाही. आजही तो सरळच असतो. सही करताना ते पेन पहिल्या दोन बोटांत धरतात.

घरी आल्यावर हे वावरात येईनासे झाले. ओट्यावर बसून राहायचे, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून, कोणी हिसकावून नेईल अशा भीतीनं. जेवताना डाव्या हातानं जेवायचं म्हणून सगळ्यांचं झाल्यावर बसायचे. मी विचारलं, "त्या ओळीचं काय करायचं?" तर म्हणाले, "जंबेरी तं जंबेरी. राहू दे."

मी राहू दिलं नाही. असं काही ठरवून केलं असंही नाही. सकाळी रोपांना पाणी द्यायला गेले, एका रोपाची साल नखानं उचलून पाहिली, तर ती सुटत होती. परत घरी आले आणि खुंटीवरून यांचा चाकू घेतला.

मी तोवर कित्येकदा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. पहिल्या रोपाला चीर दिली ती सरळ लाकडात गेली. दुसऱ्याची साल फाटली. डोळा काढताना मागं लाकडाची कपची राहू द्यायची नसते, ती राहिली. आणि चाकू तर हातात बसेचना. मूठ यांच्या हाताची होती, माझ्या तळव्यात ती फिरायची. फिरू नये म्हणून मी ती इतकी आवळायची, की दुपारपर्यंत तळव्याला फोड आले.

आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "हे काय करून राह्यली?"

"कलमं, आत्याबाई."

"बाईच्या हाताचा डोळा लागत नाई. वाळते थो."

"वाळला तं वाळला. आत्ताई तं काई नाई."

"अन् लोकं काय म्हनतीन? नवऱ्याचा हात गेला, बायको चाकू घिऊन बसली!" एवढं बोलून त्या गेल्या. जाताना रोपांच्या ओळीतलं गवत मात्र उपटत गेल्या. रिकाम्या हातानं वावरातून जाणं त्यांना जमतच नसे.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी तळवा आखडून धरत होते. हे ओट्यावरून पाहत होते, ते मला माहीत नव्हतं. ते उठून आत आले. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले.

"दाखव."

मी हात दाखवला. त्यांनी फोड पाहिले. बाहेर गेले आणि परत आले ते हातात ओल्या मातीचा गोळा घेऊन, नर्सरीतल्या वाफ्यातली चिकट काळी माती.

"हे धर. चाकू धरते तसं. घट्ट."

"आता? माहे हात पिठाचे हायेत."

"धर ना वं."

मी धरला. काळ्या मातीवर ज्वारीचं पांढरं पीठ लागलं, आणि माझ्या चारी बोटांचे खड्डे उमटले. त्यांनी तो गोळा तसाच, खड्डे मोडू न देता, नेऊन देवळीत ठेवला. चूल पेटलेली होती, तव्यावरची भाकरी करपली. आत्याबाई म्हणाल्या, "या घरात सारे येडे झाले."

दुसऱ्या दिवशी मी वावरातून आले तर हे अंगणात बसले होते. संत्र्याच्या लाकडाचा तुकडा डाव्या पायाच्या टाचेखाली दाबून धरलेला, कानस डाव्या हातात. उजवा हात वर, पट्टीत. समोर तो वाळलेला गोळा. एकदा गोळ्याकडं बघायचे, एकदा लाकडाकडं. कानस डाव्या हातानं नीट चालत नव्हती, सटकून पायाला लागत होती. पाऊल खरचटलेलं दिसत होतं. मी पुढं झाले नाही. मदत करू का, असंही विचारलं नाही. आत जाऊन चहा ठेवला.

लाख ओतायला मात्र त्यांनी मला हाक मारली. पातं बसवायला दोन हात लागतात. मी पातं धरलं, त्यांनी लाख ओतली, थंड होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिलो. तार गुंडाळायला त्यांनी एक टोक दातांत धरलं. मूठ काही देखणी नव्हती. एका बाजूला खवल्यासारखी दिसायची. पण मी चाकू धरला आणि तो हलला नाही. जणू तो हातातून वेगळा नव्हताच.

"बस," ते म्हणाले. "आता मनगट ढिलं ठेवजो. जोर चाकूले करू दे."

पुढचे दिवस ते वावरात येऊन माझ्यामागं उभे राहू लागले. चीर खोल गेली की म्हणायचे, "लाकडाले नोको लागू." बाकी बोलायचे नाहीत. पण येत होते, ते मला पुरेसं होतं.

एक अडचण राहिलीच. कापणं आणि बांधणं दोन्ही मीच करायची तर दिवसाला फार थोडी रोपं व्हायची. यांना पट्टी बांधता येत नव्हती, अंगठ्याशिवाय गाठ बसत नाही. साल घट्ट व्हायचे दिवस जवळ येत होते. कधी कधी चीर दिली की ती जराशी अडायची.

मग एका सकाळी आत्याबाई आल्या. ओच्यात प्लास्टिकच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन. माझ्यासमोर, रोपाच्या पलीकडं, उकिडव्या बसल्या.

"सरक जराशी. तू काप. बांधीन म्या."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या मतावरून का ढळल्या, कोणी काही बोललं का, की मुलाला अंगणात तसं बसलेलं पाहून काही झालं, मला माहीत नाही.

"पाह्यत काय बसली? काप ना. साल वाळून राह्यली."

त्यांनी आयुष्यभर ज्वारीच्या पेंढ्या बांधल्या होत्या. त्यांची बोटं वाकडी झाली होती, पण गाठ अशी बसायची की बघत राहावं. पट्टी खालून वर गुंडाळत न्यायच्या, एकावर एक चढवत, म्हणजे पाणी आत जाऊ नये. डोळ्याचं टोक तेवढं मोकळं. मी चीर देऊन डोळा बसवेपर्यंत त्यांची पट्टी तयार असायची. आम्ही एकमेकींशी बोलायचो नाही फारसं. दोघींच्यामध्ये एक रोप, चाकूचा बारीक आवाज, पट्टी ताणल्याची चर्र, मग पुढचं रोप. हे मागून डोळ्यांच्या काड्या आणून द्यायचे, ओल्या पोत्यात गुंडाळून. दुपारी तिघं विहिरीवर भाकरी खायचो. तोवर यांना डाव्या हाताची लाज वाटेनाशी झाली होती, की आमच्यासमोर तरी वाटत नव्हती, कोण जाणे.

शेवटच्या ओळीच्या शेवटच्या रोपांची साल सुटतच नव्हती. ती आम्ही सोडून दिली. आत्याबाई उठल्या, कमरेवर हात ठेवून मागं वाकल्या आणि म्हणाल्या, "झालं बाप्पा."

त्यानंतरचे आठवडे नुसतं थांबायचं होतं. डोळा हिरवा राहिला तर लागला. तपकिरी पडला, बोट लावताच गळला, तर गेला. पट्ट्या सोडायच्या दिवशी मी पुढं व्हायला घाबरत होते. आत्याबाईच पुढं झाल्या. त्यांनीच बांधलं होतं, त्याच सोडत गेल्या. पहिली ओळ माझ्या नवशिकेपणाची. तिथं त्या एकामागून एक म्हणत गेल्या, "वाळला. वाळला. हाही वाळला." मी मान खाली घालून मागं चालत होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या. वाकून नखानं डोळ्याच्या कडेला टोचून पाहिलं.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

मग पुढचा. "हिरवा." आणि पुढचा. एखाददुसरा वाळलेला सोडला तर ओळच्या ओळ. त्यांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. बांधापलीकडून सुमनताईंनी विचारलं, "काय झालं वो काकू?" आत्याबाई थांबल्या नाहीत, त्या मोजतही नव्हत्या, नुसतं म्हणत चालल्या होत्या, "हिरवा, हिरवा." हे विहिरीच्या पायरीवर बसले होते. मी पाहिलं तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडं केलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात नामदेवकाका आले. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. म्हणाले, "पाहू दे बरं तुहा चाकू." मी दिला. त्यांनी धरून पाहिला, असा, तसा, उलटा. त्यांचा हात मोठा, मूठ त्यात बसेना. त्यांनी तो परत दिला. "हा दुसऱ्या कोनाच्या कामाचा नाई," म्हणाले, आणि आपल्या माणसांना सांगितलं, विहिरीकडच्या ओळी या घरच्या बायका बांधतीन.

तसं पुढं बरीच वर्षं चाललं. सांगण्यासारखं त्यात फार नाही. रोपं गेली, बागा झाल्या. आत्याबाई गेल्या, बसल्या जागी, दुपारच्या वेळी. मग विहिरीचं पाणी खाली गेलं. बागांवर डिंक्या आला, खोडातून डिंक वाहायचा आणि झाड वाळायचं. लोकांनी झाडं तोडली, कपाशी लावली. संत्र्याची लाकडं बैलगाड्यांवर लादून जाताना मी पाहिली आहेत. रोपं कोणी मागेना. नर्सरी बंद केली, वावर विकलं, यांनी जळगावला बियाण्याचं छोटं दुकान टाकलं.

चाकूही गेले एकेक करून. एक मातीत हरवला, नांगरतानाही सापडला नाही. एक पाहुण्यांनी मागून नेला. माझा चाकू स्वयंपाकघरात आला. मिरच्या, भेंड्या, कोथिंबीर. घासून घासून पातं सुईसारखं निमुळतं झालं आणि एक दिवस भोपळा कापताना मुळातून मोडलं. मूठ काही दिवस डब्यात होती. घर बदलताना ती कुठं गेली, मला सांगता येणार नाही. सलीमभाईंचा मुलगा आता यंत्रावर लोखंड कापतो. त्याच्या दुकानामागं ब्लेडांचा ढीग नसतो.

बांधावर उभी राहून मी हे सगळं सुमनताईंना थोडंच सांगत होते. त्या म्हणाल्या, "लय वेळ झाला. चाल, झाडं दाखोतो तुले."

"कोनते झाडं?"

त्यांच्या वावराच्या टोकाला, नाल्याच्या अंगाला, संत्र्याची थोडी झाडं उरली होती. त्यांनी तोडली नव्हती. खालची पानं पिवळी, वर मात्र फळं होती, अजून हिरवट. सुमनताई एका झाडाजवळ वाकल्या आणि बुंध्यावरची माती हातानं बाजूला केली. वीतभर उंचीवर सांधा दिसला. खाली जंबेरीची खरखरीत काळपट साल, वर संत्र्याची. सांध्यापाशी खोड जरासं वाकून मग सरळ वर गेलेलं.

"तुमच्या थ्या सालचे हायेत," त्या म्हणाल्या. "विहिरीकडच्या ओळीतले. म्या सांगून घेतले होते काकूले."

मी सांध्यावरून हात फिरवला. ऊन लागून खोड गरम झालं होतं. एक फळ तोडून सुमनताईंनी माझ्या पिशवीत टाकलं, मग आणखी चार.

जळगावच्या एसटीत बसायला मिळालं. घरी आले तेव्हा दिवे लागले होते. हे दुकान बंद करून नुकतेच आले होते, बनियनवर, पंख्याखाली. मी त्यांना झाडांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. एक संत्रं उचलून डाव्या हातात फिरवत होते.

"विहिरीकडच्या ओळीतले?"

"हाव."

"म्हंजे तुह्या हातचे."

"हाव," मी म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ते म्हणाले, "कापलं तू. पन बांधलं माह्या मायनं. थे सांगतलं का सुमनताईले?"

मी नव्हतं सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले, रागानं नाही. मी फोन घेतला आणि सुमनताईंना लावला. मागं अजून मांडवातली गाणी चालू होती, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं.

"सुमनताई, थे झाडं आत्याबाईनं बांधले होते. म्या नुसतं कापलं."

"काय म्हनते?"

"बांधले आत्याबाईनं!"

"अवं माय, मले काय सांगते!" सुमनताई तिकडून ओरडल्या. "म्या पाह्यलं ना रोज. दोघी समोरासमोर बसत होत्या तुमी. अन् काकू घरी जाताना तुह्या हाताचं सांगत जाय मले, पोरीचा हात लय हलका हाये म्हने."

फोनचा आवाज मोठा होता. यांनाही ते सगळं ऐकू गेलं. आत्याबाई मला कधी असं बोलल्या नव्हत्या. मी फोन ठेवला आणि आत जाऊन ताट वाढायला घेतलं. हे हात धुऊन आले, पाटावर बसले, आणि म्हणाले, "तूही बस. सोबतच जेवू."